बंद पडलेलं यंत्र आणि बंद केलेलं यंत्र

जुना व्हिडिओ गेम चालू झाला नाही की माणसं दोनपैकी एक गोष्ट करतात. हौशी माणूस स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागतो आणि बाकीचे भंगारवाल्याला हाक मारतात. माझ्या मते दोघंही घाई करतात. दिवा लागत नाही म्हणजे यंत्र मेलं, हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. तो का चुकतो हे बघण्यासारखं आहे, कारण त्यातून आजच्या यंत्रांबद्दलही काही कळतं.

उदाहरणासाठी निन्टेन्डोचा फॅमिकॉम घेऊ. जपानमध्ये तो १५ जुलै १९८३ ला बाजारात आला. अमेरिकेत १९८५ साली तोच नवं रूप घेऊन एनईएस या नावाने आला. दोन्ही मिळून जगभर ६ कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली. नव्वदच्या दशकात आपल्याकडे जे स्वस्तातले 'टीव्ही गेम' मिळायचे, ते बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. मारिओ आणि काँट्रा खेळलेल्या पिढीला वेगळं सांगायला नको. चाललं नाही की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची... झालं काम!

तर आधी ही फुंकर बाजूला ठेवू. फुंकरीतल्या ओलाव्याने कॅसेटचे धातूचे दात उलट गंजतात. खेळ सुरू व्हायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. आणि वीजच पोचत नसेल तर कॅसेटचा काही संबंधच नाही.

म्हणून तपासणी बाहेरून आत करावी आणि सगळ्यात स्वस्त वस्तूवर सगळ्यात आधी संशय घ्यावा. भिंतीतला सॉकेट, मग ॲडॅप्टर, मग वायर. ॲडॅप्टरवर काय छापलंय ते नीट वाचायचं. जपानी ॲडॅप्टर १०० व्होल्टसाठी असतो आणि अमेरिकन १२० साठी. परदेशातून कुणी हौसेने आणलेला असा ॲडॅप्टर आपल्या २३० व्होल्टमध्ये लावला तर तो जळतो आणि खापर मात्र यंत्राच्या डोक्यावर फुटतं.

पुढची गंमत अशी की फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतो, तोही मध्ये मायनस आणि बाहेर प्लस. बाजारातले बरेच ॲडॅप्टर नेमके उलटे असतात. याउलट अमेरिकन एनईएसचा ॲडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो, कारण एसीचं डीसी करणारा भाग त्या यंत्राच्या पोटातच आहे. फॅमिकॉमच्या पोटात तो नाही. म्हणजे एनईएसचा ॲडॅप्टर फॅमिकॉमला लावला तर धडधाकट यंत्र आपणच मारलं म्हणून समजा. दोघांचं घराणं एक, पण जेवण वेगळं!

मल्टिमीटरही समजून वापरावा लागतो. एसी ॲडॅप्टर डीसीच्या खुणेवर मोजला तर काटा शून्य दाखवतो आणि चांगला ॲडॅप्टर कचऱ्यात जातो. उलट जुन्या पद्धतीचा १० व्होल्टचा डीसी ॲडॅप्टर नुसता मोजला तर १३-१४ व्होल्टही दाखवतो. तो बिघाड नव्हे. यंत्राचा भार पडला की आकडा खाली येतो.

टीव्हीचीही चौकशी करावी. मूळ फॅमिकॉमला चालू असल्याचा दिवाच नाही आणि त्याचं चित्र अँटेनाच्या वाटेने जपानच्या चॅनेल १ किंवा २ वर येतं. आपल्या टीव्हीला ते सापडत नाही. यंत्र बिचारं चालू असतं आणि आपण त्याला मेलेलं समजत असतो.

एवढं झाल्यावर मग यंत्र उघडावं. अर्थात आधी वीज काढून. शिवाय ॲडॅप्टर स्वतः उघडू नये आणि प्लेस्टेशन किंवा ड्रीमकास्टसारखी यंत्रं नवख्याने उघडू नयेत, कारण तिथे भिंतीतली वीज थेट पेटीच्या आत येते. फॅमिकॉममध्ये तशी भीती नाही. साधे स्टार स्क्रू काढले की आत वीज सांभाळणारा भाग दिसतो. त्यात ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. तो येणाऱ्या विजेचे नेमके ५ व्होल्ट करतो आणि जास्तीची वीज उष्णता म्हणून टाकून देतो. एका पायावर ९-१० व्होल्ट येत असतील आणि दुसऱ्यावर ५ निघत नसतील, तर तो रेग्युलेटर गेला असण्याची शक्यता मोठी. शेजारचा कपॅसिटर चाळीस वर्षांत आतून वाळलेला असू शकतो. बटणाचे संपर्क काळे पडलेले असू शकतात. कॉर्डच्या खोबणीपाशी सोल्डर तडकलेलं असू शकतं. यातली एकही वस्तू दुर्मीळ नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत ७८०५ एका-दोन चहांच्या पैशात मिळतो.

मला सांगायचं आहे ते इथे. निन्टेन्डोने २००३ साली फॅमिकॉम बनवणं थांबवलं आणि सुटे भाग मिळत नाहीत म्हणून २००७ च्या ऑक्टोबरअखेर त्याची दुरुस्तीही बंद केली. तरी हे यंत्र आजही जगवता येतं, कारण त्याला वीज पुरवणारे भाग कुणा एकाच्या मालकीचे नाहीत. ७८०५ कुणी बनवला, कुणी बसवला, याची यंत्राला फिकीर नसते. पाच व्होल्ट मिळाले, बस्स!

पण सगळं श्रेय कंपनीला देऊ नका. एनईएसचा लाल दिवा सेकंदाला एकदा उघडझाप करतो, तेव्हाही लोक 'पॉवर गेली' म्हणतात. तिथे वीज ठणठणीत असते. यंत्रात आणि कॅसेटमध्ये एकेक कुलूप-चिप असते. दोघींचं पटलं नाही, मग कॅसेट अस्सल असून नुसती नीट टेकत नसली तरी, आतली चिप यंत्र पुन्हा पुन्हा रीसेट करत राहते. हे बंद पडणं नव्हे, हे बंद पाडणं आहे. जपानी फॅमिकॉममध्ये हे कुलूप नव्हतं आणि १९९३ च्या नव्या एनईएसमधून कंपनीने स्वतःच ते काढून टाकलं.

दुर्दैवाने पुढच्या यंत्रांनी ७८०५ चा साधेपणा सोडला आणि कुलूप तेवढं उचललं. २०२३ च्या सुटसुटीत प्लेस्टेशन ५ ला डिस्क ड्राइव्ह वेगळी जोडता येते, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून ओळख पटवून घ्यावी लागते. चाळीस वर्षांनी ओळख पटवणारा तो सर्व्हर असेल का? नसला तर त्या ड्राइव्हसाठी लॅमिंग्टन रोड पालथा घालूनही उपयोग नाही. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, हे चांगलंच झालं. पण दुरुस्तीची माहिती देणं एक आणि यंत्राने बाहेरचा भाग मुकाट्याने स्वीकारणं दुसरं.

काही संग्राहक म्हणतात की मूळ भाग बदलला तर वस्तूचं मोल जातं. मला हे पटत नाही. खेळण्याचं मोल खेळण्यात आहे. वाळलेला कपॅसिटर जपून ठेवलेलं मुकं यंत्र म्हणजे नुसतं प्लॅस्टिक. दुसरे लोक आतलं सगळं उपटून त्या खोक्यात आजचा छोटा संगणक बसवतात. त्यांना एवढीच विनंती, आधी पाच व्होल्ट मोजा. नाहीतर दहा-वीस रुपयांच्या भागापायी चांगला मेंदू कचऱ्यात जाईल.

असो. माळ्यावर एखादा जुना गेम पडलेला असेल तर दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारात घालण्याआधी एक संध्याकाळ त्याला द्या. सॉकेट, ॲडॅप्टर, वायर, बटण, रेग्युलेटर... याच क्रमाने. तो खरोखर मेलेला असेल तर कळेलच. आणि नसेल, तर घरातल्या लहानग्यांना एक दुर्मीळ गोष्ट बघायला मिळेल. बिघडलेली वस्तू उघडता येते, समजून घेता येते आणि पुन्हा चालू करता येते!