‘खट्याळ’ माकडे आणि आपले प्रवासलेखन

बालीवरच्या मराठी प्रवासलेखांत एक प्रसंग हटकून येतो. उलुवाटूच्या कड्यावरील देवळात माकडाने कोणाचा तरी चष्मा पळवलेला असतो. मंडळी आधी घाबरतात, मग हसतात. देवळाचा सेवक माकडाला काही खायला देतो, चष्मा परत मिळतो, आणि ही ‘मर्कटलीला’ वाचकापुढे सादर करून लेखक पुढच्या समुद्रकिनाऱ्याकडे वळतो. दिवाळी अंक असो वा रविवारची पुरवणी, शब्दही ठरलेले: खट्याळ, लबाड, चोर. हा निरुपद्रवी विनोद आहे असे मला वाटत नाही. ही आळशी भाषा आहे, आणि आळशी भाषा येथे धडधडीत असत्य सांगते.

चोर माल घेऊन पसार होतो. उलुवाटूचे माकड चष्मा घेऊन थांबते, कारण तो त्याला नकोच असतो. संशोधकांनी या देवाणघेवाणीचा पद्धतशीर अभ्यास केला असून त्यावरील निबंध २०१७ आणि २०२१ साली प्रसिद्ध झाले आहेत. वयाने वाढलेली माकडे माणसाला मोलाची वाटणारी वस्तू अधिक पारखून निवडतात, आणि ती परत करण्यापूर्वी अधिक किंवा आवडीचे खाद्य मिळेपर्यंत अडून बसतात. हे उपजत नाही. पिले थोरांचे पाहून शिकतात. म्हणजे हा बाजार आहे, आणि कोणत्याही बाजाराला दोन बाजू लागतात. चष्म्याचे मोल माकडाला कोणी शिकवले? तो परत मिळवण्यासाठी धडपडणाऱ्या आपणच. या व्यवहारातील एका पक्षाने लेख लिहावा आणि दुसऱ्याला चोर ठरवावे, यात मजा काय आहे ते मला कळत नाही.

आता उबुडला जाऊ. तेथील पाडांगतेगल गावाच्या मालकीच्या जंगलाच्या नावात ‘वनारा वना’ असे शब्द आहेत. उच्चार बालीचा, शब्द संस्कृत. आपला लेखक येथे गहिवरतो: वानरवन! रामायण! सातासमुद्रापार आपली संस्कृती! परंतु मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर. लाल तोंडाचे ते माकड. हा भेद आपली भाषा शतकानुशतके पाळत आली आहे. उबुडचा प्राणी या हिशेबाने माकडाच्याच गोतावळ्यातला. बालीची माणसे त्याला आपल्या बोलीत ‘बोजोग’ म्हणतात. (हा शब्द एकाही मराठी लेखात माझ्या वाचनात आलेला नाही.) घरी नारळाच्या बागेतून ज्याला हाकलायचे ते माकड, आणि विमानाने जाऊन ज्याच्यासोबत छायाचित्र काढायचे तो हनुमंताचा वंशज, अशी ही सोयीस्कर वाटणी आहे.

संध्याकाळी केचक. शंभरेक पुरुषांच्या ‘चक-चक’ घोषात रामकथा उलगडते आणि लेखात ‘प्राचीन वानरनृत्य’ अशी नोंद होते. त्यातला घोष जुन्या सांगयांग विधीतला आहे हे खरे. पण आजचे रूप १९३०च्या दशकात वॉल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार आणि वायान लिम्बाक हा बालीचा नर्तक यांच्या सहभागातून, पाश्चात्त्य प्रेक्षक नजरेसमोर ठेवून घडले. त्याने केचक खोटे ठरत नाही. माझ्या मते ते अधिकच रोचक होते. मात्र ‘प्राचीन’ म्हटले की विचारायचे काही उरतच नाही, आणि आपल्या लेखकाला बहुधा तेच हवे असते.

प्रवासी नसले तर काय होते, हे सांगेह गावाने पाहिले. महामारीत परदेशी पाहुण्यांना बालीची दारे वर्षाहून अधिक काळ बंद होती. तेथील जंगलात सुमारे सहाशे माकडे. तिकिटाचे उत्पन्न आटले, पाहुण्यांची केळी-शेंगदाणे थांबले, आणि २०२१ साली माकडे गावातील घरांच्या छपरांवर उतरली, देवापुढचे नैवेद्य उचलू लागली. ती घरात शिरू नयेत म्हणून गावकरीच फळे आणि शेंगदाणे घेऊन जंगलात जाऊ लागले. ‘अभयारण्य’ या शब्दातले अभय कोणाचे, असा प्रश्न ज्याला पडायचा त्याला येथे पडावा. प्रवासी मात्र फाटकावरची नियमांची पाटी वाचून आपल्याच अभयाची चौकशी करत असतो.

याच्या उलट एक युक्तिवाद आहे आणि तो पोकळ नाही: पाहुण्यांच्या पैशानेच ही जंगले उभी आहेत. उबुडपुरते हे मला मान्य आहे. जाऊच नका असे मी म्हणत नाही. परंतु तेथे सुमारे बारा हेक्टरांत हजाराहून अधिक माकडे आहेत. त्यांना रोज ठरलेल्या वेळी खाऊ घातले जाते. ही दाटी पाहून परतलेला लेखक ‘जिकडेतिकडे माकडेच माकडे’ असे लिहितो. नेमक्या याच जातीचा, लांब शेपटीच्या मकाकचा, समावेश आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२२ साली आपल्या लाल यादीत ‘संकटग्रस्त’ वर्गात केला. कारणांत अधिवासाचा ऱ्हास आहे, शिकार आहे, आणि प्रयोगशाळांसाठी होणारी पकडही आहे. ज्या लेखांत चष्मा आहे, त्यांपैकी एकातही प्रयोगशाळेतला हा पिंजरा मला अजून आढळलेला नाही.