राखणदाराच्या लायसनची तारीख कोण बघणार?



१ जून ते ३१ जुलै गोव्यात मासेमारी बंद. होड्या जेटीला, माणसं घरी. इंजिन, बॅटरी, जाळी, जीपीएस असा लाखोंचा माल रात्रभर कोणाच्या भरवशावर? गेटवर बसलेल्या सिक्युरिटीच्या पोराच्या.

मागच्या बंदीत एका होडीतली बॅटरी गेली. पोलिसांनी आधी राखणदाराला धरलं. मग एजन्सीचं लायसन मागितलं, तर मुदत संपून चार महिने झालेले. मालक म्हणाला, "रिन्यूला टाकलंय." टाकल्याची पावती मात्र नाही. चोर नंतर दुसराच निघाला, पण तोवर त्या पोराची नोकरी गेली होती. तोही आपल्यातल्याच एका घरचा.

चूक एजन्सीची आहेच. पण स्पष्ट सांगतो, अर्धी चूक आपली. दर महिन्याला बिल भरलं, तारीख कधी बघितली?

खाजगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्राचा कायदा आहे. लायसन ५ वर्षांचं. रिन्यूचा अर्ज मुदत संपायच्या किमान ४५ दिवस आधी द्यावा लागतो. म्हणजे ३१ जुलैला संपणार असेल, तर जूनच्या मध्यापर्यंत अर्ज गेलेला पाहिजे. लायसनशिवाय धंदा केला तर १ वर्षापर्यंत कैद, २५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गार्ड १८ ते ६५ वयाचा, पार्श्वभूमी तपासलेला, ट्रेनिंग घेतलेला आणि एजन्सीचं फोटो ओळखपत्र असलेला हवा.

काहीजण म्हणतात, "माणूस ओळखीचा आहे, कागद कशाला?" अहो, समुद्रात आपल्यालाही सगळे ओळखतात, तरी तपासणीला कागद दाखवतोच ना? २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे मासेमारी बोट पळवूनच आले होते. जेटीच्या गेटवर कोण बसतो हा साधा प्रश्न नाही. आणि अडचणीच्या वेळी ओळख नाही, कागदच त्या पोराला वाचवतो.

म्हणून सोसायटीने तीन गोष्टी कराव्यात असं मला वाटतं:

👉 लायसनची प्रत आणि गार्डच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स होड्यांच्या विम्याच्या फाईलीतच ठेवाव्यात.
👉 लायसन संपायची तारीख नोटीस बोर्डावर लावावी. दोन महिने आधी एजन्सीला लेखी आठवण द्यावी आणि अर्जाची पावती मागावी. पावती नाही, तर पुढचं कंत्राट नाही.
👉 ट्रेनिंगचा आणि ओळखपत्राचा खर्च गार्डच्या पगारातून कापणार नाही, हे कंत्राटातच लिहून घ्यावं.

आपली पोरं सिक्युरिटीत असतील तर त्यांनाही सांगा: कामाला लागण्याआधी एजन्सीचं लायसन बघ, स्वतःचं ओळखपत्र मागून घे.

जाळं फाटायच्या आधी सांधतो ना आपण? मग कागदही मुदत संपायच्या आधीच बघूया. बंदीचे दिवस त्यासाठीच चांगले. तुमचं मत खाली लिहा. 🙏