निनावी हातांचा बंब

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर थंडीत घर तापवावे लागत नाही. तापवायचे ते आंघोळीचे पाणी. त्यासाठी नारळी-पोफळीच्या वाड्यांमधल्या घरांत तांब्याचा बंब असे, आणि काही न्हाणीघरांत तो अजूनही उभा आहे. कुठल्या तांबटाने घडवला, कोणत्या बाजारातून आणला, हे बहुधा घरातल्या कुणालाच ठाऊक नसते. भांड्यावर नाव कोरलेले असलेच, तर ते देणाऱ्याचे, घडवणाऱ्याचे नव्हे. कारागिरी मात्र पाहण्यासारखी. मधोमध उभी नळी, तिच्यात विस्तव, भोवती पाणी, तळाला राख पडायची जाळी. झावळ्यांचे तुकडे, सोडणे, करवंट्या, वाडीतला जो कचरा तोच जळण. वरून गार पाणी ओतले की तोटीतून कढत पाणी येते. तांबे स्टेनलेस स्टीलपेक्षा पंचवीसेक पट उष्णता वाहून नेते, पण एवढ्याशा जाळावर काम भागते ते मुख्यतः विस्तवाच्या सगळ्या बाजूंनी पाणी असते म्हणून. पुढे घरोघरी सिलिंडर आणि गिझर आले, तसे बंब माळ्यावर किंवा मोडीत गेले. धुराचा त्रास खराच होता आणि तो बाईच्या डोळ्यांना पहिला, त्यामुळे गिझर आला हे चांगलेच झाले. पण चांगला बंब वजनावर विकणे ही हातच्या कसबाची हेळसांड आहे. वापरणार असाल तर तो उघड्या पडवीत ठेवा, बंद न्हाणीघरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. पाण्याशिवाय कधीही पेटवू नका, झाळलेले जोड सुटतात. आणि मोडीत घालण्याआधी एकदा तांबटाला दाखवा. पुण्याच्या तांबट आळीत हे काम जाणणारे हात अजून आहेत.