गोल्फ, गायरान आणि गागोदे

पर्यटनपर मराठी लेखनात आणि बंगल्यांच्या योजनांच्या माहितीपत्रकांत 'निसर्गरम्य' हे विशेषण आता जवळजवळ 'बांधकामास उपलब्ध' या अर्थाने वापरले जाते. 'डोंगरांच्या कुशीत', 'शहरापासून हाकेच्या अंतरावर' ही त्याची नेहमीची सोबतीण पदे. या मांडणीत अलीकडे 'परवडणारे गोल्फ' हा नवा शब्दप्रयोग शिरू पाहत आहे. गोल्फ ही धनिकांची मिरास नसावी, लहान गावांलगत, फारशी ख्याती नसलेली, माफक शुल्काची मैदाने असावीत, असा त्यामागचा युक्तिवाद. तो तत्त्वतः मान्य करायला हरकत नाही. हरकत आहे ती व्याकरणाची.

'परवडणे' या क्रियापदाला 'कोणाला' हे पद लागतेच. 'मला परवडते', 'त्याला परवडत नाही'. त्याचे 'परवडणारे' असे विशेषण केले की हे पद अलगद गळून पडते आणि वस्तूच जणू स्वभावतः स्वस्त असल्याचा भास होतो. टीकाकाराने करायचे ते एवढेच, की गळालेले पद शोधून परत जागेवर ठेवायचे.

ते शोधायला पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक ही जागा सोयीची आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म या गावी झाला. पुढे १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली, रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली आणि भूदानाचा प्रारंभ झाला. अठरा होलच्या गोल्फ मैदानाला साधारणपणे १२० ते १८० एकर जमीन लागते. म्हणजे ज्या दानाने देशभर पदयात्रा सुरू झाली, त्यात एक पूर्ण गोल्फ मैदान बसले नसते. कोकणात जमीन अजून गुंठ्यांत मोजतात. १२० एकर म्हणजे ४,८०० गुंठे. हा हिशेब माहितीपत्रकात छापला जात नाही, कारण तिथे खर्च म्हणजे खेळणाऱ्याचे शुल्क.

पेणला हा हिशेब नवा नाही. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी इथली जमीन संपादित करण्याचे घाटत होते, तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी तालुक्यातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले. ही गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली होती, हा त्या विरोधाचा कणा. तो प्रकल्प पुढे मार्गी लागला नाही. पण हेटवण्याचे पाणी नळवाटे नवी मुंबईकडे जाते आणि त्याच तालुक्यातला खारेपाट उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो, ही विसंगती इथल्या लोकांना कोणी समजावून सांगावी लागत नाही. कोकणात पाऊस धो धो पडतो हे खरे, परंतु तो चार महिन्यांत कोसळून समुद्राला मिळतो. गोल्फच्या हिरवळीला मात्र मार्च ते मेमध्येही पाणी हवे असते. आता अटल सेतू झाला आहे आणि उरण, पनवेल, पेण या तालुक्यांत नव्या शहराचा आराखडा आखला जात आहे. अशा आराखड्यांत 'करमणुकीसाठी हरितपट्टा' हे शब्द हटकून येतात. वाचकांनी ते गोल्फ डोळ्यांपुढे ठेवून वाचावेत.

गंमत अशी, की गोल्फ जन्मला तो गायरानात. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज इथली 'लिंक्स' म्हणजे समुद्र आणि शेती यांच्या मधली रेताड, नांगराला निरुपयोगी पट्टी. १५५२ च्या सनदेत तिथल्या नगरवासीयांचा खेळण्याचा आणि गुरे चारण्याचा हक्क एकत्रच मान्य केलेला आहे. १७९७ मध्ये कर्जबाजारी नगराने ती जमीन विकली, घेणाऱ्यांनी तिच्यावर ससे पाळले, दोन तपे भांडण चालले. १८२१ मध्ये स्थानिक जमीनदाराने ती खेळासाठी सोडवली आणि १८९४ मध्ये कायद्याने ती पुन्हा नगराची झाली. आजही तिथले सर्वांत जुने मैदान रविवारी खेळाला बंद असते. त्या दिवशी गावकरी त्यावर फिरतात, कुत्री धावतात. आपल्याकडे हा खेळ आला तो कुंपणासह. क्लब आला, छावणी आली, गायरान तेवढे मागे राहिले.

महाराष्ट्रातले खरेखुरे परवडणारे गोल्फ पाहायचे तर चेंबूरला जावे. तिथल्या १९२७ च्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबलगतच्या वस्तीत राहणारे कॅडी बांधकामाची लोखंडी सळई वाकवून काठी करतात आणि प्लास्टिकच्या चेंडूने चाळींमधल्या बोळांत खेळतात. गटार, पत्र्याचे छप्पर, कोणाची तरी न्हाणी, हेच त्यांचे अडथळे. वुडहाउसच्या गोल्फकथांवर आपण (इंग्रजीच्या प्राध्यापकांच्या जोडीने) खूप हसलो आहोत, पण दुसऱ्याची पिशवी वाहणाऱ्या या खेळाडूची कथा मराठीत लिहिली गेली असल्यास माझ्या वाचनात आलेली नाही. विषय आपल्या दारात होता.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गोल्फचे मैदान निदान मोकळे तरी राहते, बंगल्यांचा पाया खणला की जमीन कायमची गेली. नाशिकचे उदाहरण या बाजूने बोलते. साहेबांच्या गोल्फचे ते मैदान आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाने ओळखले जाते, रणजीचे सामने तिथे झाले आहेत, आणि जुने नाशिककर अजून त्याला 'गोल्फ क्लब' म्हणतात. कलेक्टर जॅक्सनला गोळी घालून १९१० मध्ये फाशी गेलेल्या तरुणाचे नाव साहेबाच्याच क्रीडांगणाला मिळावे, हा काव्यगत न्याय विरळा.

म्हणून माझा विरोध खेळाला नाही. रायगड जिल्ह्यातच, खारघरच्या डोंगरांमध्ये, सिडकोने सार्वजनिक पैशांतून गोल्फ मैदान उभारले आहे. पेणच्या दिशेने दुसरे यायचेच असेल तर ते भाताच्या खाचरांवर येऊ नये, त्याचे पाणी सांडपाण्यावर प्रक्रिया करून मिळवलेले असावे, आणि जागा ग्रामसभेने ठरवावी. कॅडींना ठरलेल्या वेळी स्वतः खेळण्याचा हक्क असावा. आणि आठवड्यातला एक दिवस फाटक उघडे असावे, शुल्काविना, गुरांसकट. सुरुवात खारघरपासून करता येईल. रविवार नको असेल तर सोमवार चालेल.