आधी हिशोब वाचवा, मग डिस्क बदला

भिवंडीच्या बाजारात आता चोपडीवर हिशोब क्वचितच लिहिला जातो. ग्रे कापडाची खरेदी, ताक्यांची नोंद, पार्ट्यांची उधारी, सारे लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमध्ये असते. ही डिस्क बहुधा इशारा देऊन मरते. टॅली उघडायला पाच-पाच मिनिटे लागतात, फाइल कॉपी होताना अडकते, आतून टिकटिक ऐकू येते.

अशा वेळी दुरुस्तीवाला पहिल्याच झटक्यात म्हणतो, "शेठ, फॉरमॅट मारून देतो." याला आमचा सक्त विरोध आहे. त्याने हिशोबावर पाणी फिरते आणि डिस्क आजारी ती आजारीच राहते. चेक डिस्क चालवण्याचीही घाई करू नये. धापा टाकणाऱ्याला बोजा उचलायला लावण्यातलाच तो प्रकार. प्रथम टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढावा, मग बिले. लग्नाचे फोटो शेवटी. टिकटिक सुरू झाली असेल तर मशीन तात्काळ बंद करून डेटा काढणाऱ्या जाणकाराकडेच न्यावे. डिस्क खोलून पाहू नये. आतला हेड चकतीपासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगतो. तेथे रुईचा एक कण पुरे.

डेटा हाती आल्यावर डिस्कच्या 'स्मार्ट' नोंदी तपासाव्यात. रिअलोकेटेड सेक्टर वाढत असतील तर डिस्क बदलावीच. फक्त सीआरसीच्या चुका वाढत असतील तर दोष कनेक्टरचाही असू शकतो, आणि नव्या डिस्कचा खर्च वाचतो.

नवी घ्यायची तर एसएसडी घ्यावी. तीत फिरणारे काही नसल्यामुळे कारखान्याला लागून पेढी असली तरी मागांचे हादरे तिला बाधत नाहीत. जुन्या लॅपटॉपला अडीच इंची साटा लागते, नव्यांना बहुधा एम.2. जुनी दाखवूनच खरेदी करावी. मात्र एसएसडी टिकटिक न करताच जाते, म्हणून रोजची नक्कल हवीच.

ही केवळ सोयीची बाब नाही. जीएसटी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून 72 महिने हिशोब सांभाळावा लागतो, आणि संगणकावरील हिशोबाचा बॅकअप ठेवणे नियम 57 ने बंधनकारक आहे.

जुनी डिस्क तशीच भंगारात देऊ नये. चकत्यांना ड्रिलने भोके पाडून मगच द्यावी. तीत आपल्याच नव्हे, पार्ट्यांच्याही खात्यांचे आकडे असतात.