आजोबांच्या दोन कुप्या



या आठवड्याच्या टपालात बिबवेवाडीहून एक पत्र आलंय. लिहिणारी मुलगी सातवीत आहे. ती म्हणते, "आमच्या आजोबांच्या कपाटात अत्तराच्या दोन कुप्या आहेत. एक गुलाबाची, एक उदाची. कुठं लग्नाला निघाले की आजोबा दोन्हींतला एकेक थेंब मनगटावर लावायचे आणि एक फाया माझ्या कानातही ठेवायचे. दिवाळीनंतर आजोबा गेले. आता मी कुप्या उघडत नाही. उघडल्या तर वास उडून जाईल ना? आई म्हणते उघड, बाबा म्हणतात राहू दे. तुम्हीच सांगा."

प्रश्न सोपा नाही बरं का! उत्तर देण्याआधी त्या कुप्यांत काय भरलंय ते पाहू.

आधी गुलाब. बिबवेवाडीकरांना फुलांसाठी लांब जायला नको. मार्केट यार्डाचा फुलबाजार शेजारीच आहे. सकाळी घरच्या मोठ्यांबरोबर तिथं चक्कर मारा आणि नाक उघडं ठेवा. लांब दांड्यांचे, जुड्या बांधलेले ऐटबाज डच गुलाब दिसतील. वास घ्या. जवळजवळ नाहीच! मग गावठी गुलाबाच्या ढिगाजवळ जा. त्याच्या पाकळ्या दुपारपर्यंत गळू लागतील, पण सुगंध असा की पाय निघणार नाही. असं का? फुलदाणीत आठवडाभर टिकणारं, प्रवासात न चुरगळणारं फूल हवं म्हणून माणसानं वर्षानुवर्षं तशीच रोपं निवडली. या निवडीत वास मागे पडला. २०१५ साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी गुलाबाच्या पाकळीतलं सुगंध घडवायला मदत करणारं एक विकर शोधलं. बिनवासाच्या गुलाबात त्याचं काम जवळपास बंद असतं, असं त्यांना दिसलं.

गुलाबाच्या अत्तरासाठी उत्तर प्रदेशातलं कनौज प्रसिद्ध आहे. तिथं तांब्याच्या मोठ्या डेगेत पाणी आणि पाकळ्या घालतात, झाकण मातीनं लिंपतात आणि खाली जाळ करतात. सुगंधी वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते. त्याला भपका म्हणतात. हा भपका गार पाण्यात बसवलेला असतो. जुन्या पद्धतीत त्यात चंदनाचं तेल असतं. वाफ थंड होते, तेल सुगंध धरून ठेवतं. चंदनाची जोड न देता नुसतं गुलाबाचं तेल काढायचं, तर एका किलोसाठी तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. आता कळलं ना, कुपी एवढी लहान का असते ते?

आता ऊद. तुम्ही म्हणाल, ऊद तर आमच्या घरी निखाऱ्यावर टाकतात! तो वेगळा. वाण्याकडं मिळतो तो ऊद दुसऱ्या झाडाचा डिंक असतो. अत्तरातला ऊद म्हणजे अगरू. 'ऊद' हा अरबी शब्द, अर्थ साधा, लाकूड. गंमत पाहा, 'उदबत्ती'तला ऊद मुळात अरबी आणि 'अगरबत्ती'तला अगर संस्कृत अगरूवरून आलेला. कालिदासाच्या रघुवंशातही अगरूची झाडं आहेत. रघूचे हत्ती त्यांना बांधले होते, आणि हा प्रांत होता प्राग्ज्योतिष, म्हणजे आजचा आसाम!

या झाडाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. निरोगी अगरूचं लाकूड फिकट असतं आणि त्याला सुगंध नसतो. पण एखादी अळी खोड पोखरते, त्या भोकातून बुरशी आत शिरते, आणि झाड स्वतःला वाचवायला काळसर राळ तयार करू लागतं. वर्षं जातात, लाकूड काळं आणि जड होतं. तोच ऊद. म्हणजे आजोबांच्या मनगटावरचा तो थेंब मुळात एका झाडानं जखमेवर लावलेलं औषध होता!

पण कुठल्या झाडात राळ आहे ते बाहेरून नीट कळत नाही. मग हावरट माणसं दिसेल ते झाड तोडत सुटली. जंगलातले अगरू इतके कमी झाले की १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आहेत. आसाममध्ये आता लोक परसातही अगरू लावतात, ही त्यातली चांगली बातमी.

मग गुलाब आणि ऊद यांची जोडी एवढी का जमते? गुलाबाच्या वासाचे कण हलके, चटकन उडणारे. उदाचे जड, रेंगाळणारे. गाण्यात तंबोरा मागे सुरू राहतो आणि त्यावर गळा फिरतो, तसंच हे. लग्नाच्या मांडवात आजोबांचा गुलाब आधी दरवळत असेल, आणि रात्री परत येताना त्यांच्या बाहीला ऊद येत असेल. खरं ना?

आता आपल्या मैत्रिणीला उत्तर.

बाई गं, तू म्हणतेस ते खरं आहे. कुपी उघडली की थोडा वास उडतो. गुलाब आधी जाईल, ऊद उशिरा. पण बंद ठेवलेलं अत्तरही कायम जसंच्या तसं राहत नाही. ऊन, उष्णता आणि हवा त्याला हळूहळू बदलतात. म्हणून बूच घट्ट लाव, कुपी अंधाऱ्या, गार जागी ठेव. बाबांचं एवढं ऐक.

आणि आईचंही ऐक. नाकातून निघालेला निरोप मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेनं पोचतो. म्हणून एका वासासरशी अख्खा माणूस समोर उभा राहतो. कुपी कधीच उघडली नाहीस, तर वास वाचेल, पण ती वाट वापरलीच जाणार नाही. तेव्हा वर्षातून एखाद-दोन दिवस ठरव. आजोबांचा वाढदिवस, घरातलं लग्न. त्या दिवशी एकच थेंब फायावर घे. एक फाया बाबांच्याही कानात ठेव!

करून पाहा : कागदाच्या दोन पट्ट्या घ्या. एकीवर गुलाबपाणी शिंपडा, दुसरीवर सहाणेवर उगाळलेलं चंदन लावा. दर अर्ध्या तासानं दोन्हींचा वास घ्या आणि वहीत नोंद करा. आधी कोण पळालं? (घरात कुणाला दमा असेल, तर हा प्रयोग गॅलरीत करा.) आणि हो, तुमच्या घरातला कुठला वास तुम्हाला कुणाची आठवण करून देतो? मला लिहून कळवा. वाट पाहतोय.