युरोपात एकटे जाताय? फक्त यूपीआयवर विसंबू नका

बारामती-इंदापुरात चहापासून खतापर्यंत सगळे यूपीआयवर चालते. २०२४ पासून पॅरिसच्या आयफेल टॉवरचे तिकीटही त्यावर काढता येते. पण त्या भरवशावर मुला-मुलींना एकटे युरोपात पाठवणे चूकच.

• रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड फक्त देशातच चालते. परदेशी व्यवहार निघण्यापूर्वी सुरू करा, मर्यादा कमी ठेवा.
• दोन कार्डे, दोन वेगळ्या जागी ठेवा.
• मशीनने 'रुपये की युरो?' विचारले, तर युरो निवडा. रुपयांचा दर बहुधा महाग पडतो.
• ओटीपीसाठी भारतीय सिम चालू ठेवा.
• पाकीट मारले गेले, तर आधी कार्ड ब्लॉक करा, मग पोलीस. मदतीचा नंबर आपल्यासारखाच, ११२.

'सांभाळून जा' म्हणण्याआधी घरच्यांनी एवढी तयारी करून घ्यावी.